दोन कोलन

शुक्रवारी चारलाच हॅलिफॅक्समध्ये दिवे लागतात.
गालिच्यांच्या जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर
आमचं ऑफिस. सोमवारपासून ते लीड्सचं.
माझ्याकडे काम एवढंच:
पत्त्यांची वही जुन्या सर्व्हरमधून उपसायची
आणि नव्यात ओतायची. चारशे बारा माणसं.

आधी सीएसव्ही काढून पाहिली.
डोरीनने एका प्लंबरच्या शेऱ्यात लिहून ठेवलेलं:
चांगला आहे, पण मंगळवारी नको, आईला डायलिसिसला नेतो.
अवतरणचिन्हं द्यायची राहिली असणार माझ्याकडून.
स्वल्पविराम दिसला की तोडायचं, एवढंच ठाऊक त्या फाइलला.
मंगळवार जाऊन पडला फॅक्सच्या रकान्यात
आणि आई पोस्टकोडात.

मग एलडीआयएफ.
हिच्यात ओळ मावली नाही तर खाली उतरते,
एक जागा मोकळी सोडते, पुढे चालू होते,
जिना चढताना डोरीन बोलायची तशी.
नाव, कोलन, नाव. फोन, कोलन, फोन.
सरळ माणसं, सरळ खाली जाणारी.

माझ्या नोंदीपाशी दोन कोलन.
म्हणजे पुढचं साधं नाही, गुंडाळून ठेवलंय.
चार-के-एस-एक, चार-के-एस,
मराठीचं कुठलंही अक्षर गुंडाळा, सुरुवात चार-के.
मी उलगडलं.
वाघुलदे.

दोन हजार नऊ. माझा पहिला आठवडा.
तुझ्या लिपीत कसं लिहितात गं, तिने विचारलेलं.
मी पोस्ट-इटवर लिहून दिलं,
आणि ती चिन्हांच्या तक्त्यातून एकेक घर टिपत बसली,
चष्मा कपाळावर, जीभ दातांत,
जेवणाची अख्खी सुट्टी.
तक्त्यात ल नि ळ भिंतीला भिंत लावून राहतात.
एक घर चुकलं.
पंधरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही,
माझ्यासुद्धा. कोण बघतं स्वतःचा पत्ता?

गुंडाळीत फरक एका अक्षराचा:
ल संपतो वायवर, ळ झेडवर.
वाय खोडायचा, झेड मारायचा. सेकंदाचं काम.
भुसावळला बाबा बँकेच्या पासबुकातल्या अशाच चुकीसाठी
तीन खेटे घालून आले होते, उन्हात.

लीड्सची सूचना आहे: निष्क्रिय नोंदी आणू नयेत.
डोरीन ॲक्रॉइड, एक्स्टेंशन दोनशे सहा,
निष्क्रिय, सात वर्षांपासून.
शेऱ्याचा रकाना नव्या सिस्टीममध्ये नाहीच.
प्लंबरची आईही तोवर... माहीत नाही.
त्याला फोन करायला हवा. मंगळवार सोडून.

बोट झेडवर ठेवलं होतं.
खाली सफाईवाल्याने मशीन चालू केलं,
जमीन थरथरली, पूर्वी मागांनी थरथरत असेल तशी.

इम्पोर्ट पूर्ण. तीनशे सत्तर आले, नाकारले शून्य.
नवी वही उघडून मी स्वतःला शोधलं.
ळ घालून: काही सापडलं नाही.
ल घालून: एक नोंद.