हीट नंबर

रात्रीचे पावणेतीन. उद्यमनगरच्या दुसऱ्या मजल्यावर
मी एकटी, आणि स्क्रीनवर बिननावाचे निरोप.
पोटात सगळं शाबूत: नग, वजन, गाडीचा नंबर.
पाठीवर मात्र काही नाही.
कुठल्या भट्टीचं, कुठल्या ओतणीचं, कुणासाठी,
रांगेच्या अलीकडे होतं,
रांगेच्या पलीकडे पुसलेलं.

नियम साधा आहे, नव्या पोरांना मीच शिकवते:
आत येताना जे अंगावर असतं
ते बाहेर जाताना आपोआप येत नाही.
प्रत्येक उंबऱ्यावर उचलून पुन्हा लावावं लागतं.
शिकवते,
आणि शुक्रवारी घाईत एक ओळ विसरते.

शिरोलीच्या शेडमध्ये दस्तगीरचाचा होते.
अण्णांचा डबा घेऊन जायची तेव्हा बघायची:
ओतीव हाऊसिंगवर खडूनं हीट नंबर,
मग ते शॉट ब्लास्टिंगच्या पोटात.
छर्ऱ्यांचा मारा, कानठळ्या,
बाहेर यायचं ते हुपरीच्या पैंजणासारखं लखलखीत
आणि अनोळखी.
पण आत ढकलण्याआधी चाचा
नंबर मनगटावर लिहून घेत, बॉलपेननं,
घड्याळाच्या जागी.
बाहेर आलं की मनगट बघून परत खडू.
"माल जातोय आपल्या पायानं, पोरी.
त्याचं नाव आपल्याला न्यावं लागतंय."

एकदा घामानं एक आकडा फुटला.
तीन की आठ?
सुपरवायझर म्हणाला, आठ टाका, कोण बघतंय.
चाचांनी ती अठरा किलोची वस्तू
भंगाराच्या ढिगावर टाकली
आणि चहाला गेले.

सांगवडेकर साहेबांचा फोन, झोपेतला आवाज:
"क्रमानं अंदाज लावून भरून टाका की,
सकाळी गाडी निघायची आहे."

विसरलेली ओळ आता घातली आहे. यापुढचे नीट जातील.
मागचे सहाशे बारा लॉगवरून जुळले.
एक्केचाळीस जुळत नाहीत.
त्यांना वेगळ्या रांगेत उभं केलंय, अडकलेल्यांच्या,
जिथून पुढे काहीच जात नाही.

साडेपाचला शिरोलीच्या शेडला फोन लावते.
बराच वेळ वाजतो.
उचलल्या उचलल्या मी सुरू:
एक्केचाळीस नग बाजूला काढा,
कुणीतरी जाऊन डोळ्यानं बघा,
खडू कुठं कुठं राहिलाय ते सांगा...

मागे भट्टीचा ब्लोअर घुमतोय.
"ते खरं हो,
पर बोलतंय कोण? कुठनं?"