पावत्या

घोले रोडच्या गॅलरीत पाटी: ‘पंखा लावू नये.’
पाटीखाली स्टुलावर यामिनी खळदकर.
भिंतीवर कांचन, पानं औषधांच्या पावत्यांची,
मधोमध घडी, शिरा ब्लेडने कोरलेल्या.
वडिलांची चार वर्षं. सदाशिव पेठेतलं एकच दुकान.

कुणीतरी विचारतंच, टिकणार किती?
ती म्हणते, शाई उडतेच आहे की. हे बघा,
सोमवारी इथे इन्सुलिन वाचता येत होतं.

शेवटच्या संध्याकाळी
शिपाई शितोळे आला कुलूप घेऊन,
घाम पुसत,
आणि सवयीने बटण दाबलं.

पानं सुटली.
ती धरायला उठली नाही.

एक त्याच्या खांद्यावर बसलं, कोरं.
त्याने ते दोन्हीकडून पाहिलं,
कुणाचे सुटे पैसे
द्यायचे राहिलेत की काय म्हणून.