अडुसष्ट ग्रॅम

कॅमेरा अडुसष्ट ग्रॅमचा.
आईच्या विडीच्या तराजूवर तोलला,
दुसऱ्या पारड्यात तंबाखूची वजनं.
"एवढ्याशाला उचलायला एवढा खटाटोप?"
आई म्हणाली, पान कातरता कातरता,
वर न बघता.
हजाराचा हिशोब तिच्या बोटांत असतो,
मधे बोललं की मोडतो. मी गप्प.

काम सांगायला सोपं:
बंद गिरणीच्या चिमणीला तडा गेलाय म्हणतात.
पाडायची की ठेवायची हे ठरवणाऱ्या साहेबांना
तो जवळून बघायचाय.
एकशे चाळीस फूट. वर चढायला कुणी राजी नाही.
"मोबाईल दुरुस्त करतेस ना अशोक चौकात?
मग हे तुला काय अवघड," म्हणाले.

आधी मनात भरला पाच इंची सांगाडा.
बोद्दुलांचा अंबादास तसलाच उडवतो
कंबर तलावाच्या कडेला,
सणसणत जातो, हवेतच कोलांटी मारतो,
पण एका जागी थांब म्हटलं
की लग्नात शेरवानी घातलेलं पोर.
आणि तडा तर थांबल्याशिवाय दिसत नाही.

मग साडेचारशेचा. पसरट पाय,
दहा इंची पाती, सावकाश फिरणाऱ्या मोटरी.
दुकानाच्या वहीत, उधारीच्या मागच्या पानावर मांडलं:
सांगाडा दोनशे ऐंशी,
चार मोटरी दोनशे वीस,
बॅटरी तीनशे.
दुप्पट बॅटरी लावली तर दुप्पट वेळ उडेल?
नाही. जास्तीची बॅटरी आधी स्वतःला उचलते,
उरलंसुरलं तुम्हाला.
(आमच्या घराण्यात असे दोन काका आहेत.)
बेरीज अकराशे ऐंशी.
मोटरी मिळून ओढतात तीन किलो.
वरचं जे उरतं ते सोलापूरच्या वाऱ्यासाठी,
तो दुपारी अकरानंतर कुणाचं ऐकत नाही.

गच्चीवर पहिल्यांदा उडवला.
थांबला. अगदी खुंटीला टांगल्यासारखा.
पण चित्रात समोरची भिंत
पातळ पिठल्यासारखी थरथरत होती.
मोटर बदलू? बोर्ड बदलू?
पैसे मोजून झाले होते.

पप्पा खाटेवरून उठले.
एकतीस वर्षं मागावर, उजवा कान गेलेला.
पाती काढायला लावली, मोटरी सुरू करायला लावल्या,
आणि सांगाड्यावर नुसता तळहात ठेवला.
"ऊगुतोंदी," म्हणाले. हलतंय.
मग मराठीत, जणू यंत्राला तेलुगू कळत नसावं:
"मागाच्या पायाखाली आम्ही काय घालायचो?"

चादरीचा तुकडा. जुनी, जेकॉर्डची,
मोराची मान तेवढी शिल्लक होती.
आईने विडीच्या कात्रीने चौकोन कापला,
न मोजता, नेमका.
चार पदरी घडी, कॅमेऱ्याखाली.
तराजूवर अकरा ग्रॅम.
वहीत लिहिले. कुठल्याच दुकानाच्या यादीत
हा भाग नव्हता.

सकाळी सहाला गिरणीत गेलो.
ऊन अजून चिमणीच्या टोकालाच होतं.
तडा सापडला, बोटभर रुंद,
आणि तड्यात पिंपळाचं रोप, पाच पानांचं.

"जरा डावीकडे वळव," पप्पा म्हणाले.
डावीकडे त्यांचं खातं. छप्पर नाही,
जमिनीत नुसते बोल्ट, रांगेनं,
माग उचलून नेले त्या जागी.
त्यांनी पडद्यावर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली.
नवव्याला बॅटरी किंचाळली.
"उतरव," म्हणाले, "तिला कशाला ताण देतेस."

साहेबांना पाठवलं ते दुपारी.
लगेच फोन आला:
व्हिडिओ सांगितला होता, तुम्ही तर फोटो पाठवलाय.

म्हटलं, बंद करू नका.
उजव्या कोपऱ्यात, वरून तिसरं पान
हलतंय बघा.