ताट काढा

तिसरी ब. पर्वतीच्या पायथ्याची महापालिकेची शाळा.
फळ्यावर मी खडूनं एक गोल काढते,
त्याचे चार भाग पाडते. म्हणते, हे ताट.
इथं भाकरी, इथं डाळ किंवा उसळ,
इथं पालेभाजी,
आणि इथं काकडी, गाजर, काहीतरी कच्चं.
हो बाई, म्हणतात सगळी एका सुरात,
आणि हो म्हणताना अल्फियाच्या जिभेवर
पाच रुपयांच्या पुडीतला मसाला, अजून केशरी.

मग सांगते, काल रात्री जेवलात ना,
ते ताट काढा. खरं काढा. याला मार्क नाहीत.

पस्तीस माना वह्यांत.
ओवीनं वरणभातावर लिंबाची फोड काढली, बीसुद्धा.
सुफियानचा वडा एवढा मोठा
की पावाला जागाच उरली नाही.
दोघांनी फळ्यावरचं माझंच ताट उतरवलं,
शहाणी पोरं, बाईंना काय हवं ते ओळखणारी.

मल्लेशच्या ताटात जिलब्या. मोजल्या, सात.
मसालेभात, मठ्ठ्याची वाटी, कडेला आणखी एक जिलबी.
मी तांबडं पेन उघडलं. विचारलं, रोज?

रोज कुठलं बाई, तिथी असली की.
आई कार्यालयात भांडी घासते, सिंहगड रोडला.
उरलेलं डब्यात देतात.
पावसात लग्नंच नसतात. मग ज्वारीची भाकरी,
तांदुळजा, मटकी, कांदा फोडून.

फळ्याकडं बघून म्हणाला,
हे तुमचं ताट आमच्याकडं पावसाळ्यात असतं.
तेव्हा आई म्हणते, भागवून घे रे राजा.

पेनाचं टोपण लावलं मी.
ड्रॉवरमध्ये खारीचा अर्धा पुडा होता,
आणि माझा रिपोर्ट, साखर दोनशे दहा.

शनिवारी सकाळी येताना मार्केट यार्डातून
मुळे आणले, पाल्यासकट, मातीसकट.
नळाखाली मुलांनीच धुतले, निम्मा वर्ग भिजला.
चकत्या केल्या, मीठ लावून वाटल्या.
शी, म्हणाली ओवी, आणि परत हात पुढं केला.
सुफियानच्या डोळ्यांत पाणी आलं,
तो म्हणाला, मी रडत नाहीये.

मल्लेशनं दोन चकत्या खाल्ल्या.
मग घंटा झाल्यावर मागं रेंगाळला,
बाई, पाला टाकणार असाल तर मी नेऊ?
आई भाजी करते त्याची.

दप्तरातली वही बाजूला सारून
त्यानं जुडी नीट आडवी ठेवली,
चेन अर्धीच लागली, पानं बाहेर.
आज तिथी नाहीये, म्हणाला.