पंचाहत्तरावा दिवस

माझं काम मेंढ्या सांभाळणं.
दवाखान्याच्या मागे, कालव्याच्या कडेला,
पत्र्याखाली बारा गाभण मेंढ्या, कानांत पिवळे बिल्ले,
आणि दारावर खडूने लिहिलेले ज्याचे त्याचे दिवस.
मेंढीचे दिवस एकशे सत्तेचाळीस.
पंचाहत्तरावा भरतो त्या सकाळी
डॉक्टर रीनहिल्ड सायकल भिंतीला टेकवून विचारतात,
"यूरिस, चारशे अठरा उपाशी आहे ना?"
कालपासून आहे, डॉक्टर.
म्हणून तर माझ्याकडे पाठ करून उभी आहे.

लोकांना वाटतं, इथे नुसतं शिवतात.
आधी उसवावं लागतं.
कोकरू माझ्या पंजाएवढं,
लोकर फुटलेली नाही, पापण्या चिकटलेल्या,
त्याच्या धडधाकट पाठीवर
डॉक्टर स्वतःच्या हाताने ते व्यंग कोरतात
जे माणसांच्या पोरांना
कुणी न कोरताच मिळतं.
मग परत आत. परत ऊब.
पंचवीस दिवसांनी पुन्हा उघडायचं
आणि आता शिवायचं.

पहिलं वर्षभर मी त्यांच्याशी
चाऱ्यापलीकडे एक शब्द बोललो नाही.

माझ्या आईचा पहिला मुलगा
एकसष्टच्या फेब्रुवारीत घरी आलाच नाही.
नर्सने टोपडं परत दिलं, घडी घालून.
"पाठ मिटलेली नव्हती," एवढंच मावशी बोलून गेली,
तेही बीट सोलताना, हात लाल.
ते टोपडं आईने दोन वर्षांनी मला घातलं.
फोटो आहे. मला मोठंच होतं ते.

चारशे अठराचं कोकरू पहाटे झालं.
पुढच्या पायांवर काय, सगळीच उठतात.
प्रश्न मागच्यांचा.
डॉक्टर चांगल्या बुटांनिशी पेंढ्यात गुडघे टेकून बसलेल्या,
हातात घड्याळ, तोंडात पेन.
एकदा पडलं. दोनदा.
तिसऱ्यांदा ढुंगण वर आलं, लटपटलं, राहिलं.
आणि मग ते मुतलं,
मनात आलं तेव्हा, हवं तेवढं, मग थांबलं.
अशा धारेकडे बघून रडणारं माणूस
मी त्याआधी पाहिलं नव्हतं.
वहीत त्यांनी वेळ लिहिली, सेकंदासकट.

आठव्या दिवशी कोकराला न्यावं लागतं.
आतून काय जुळलं ते काचेच्या पट्टीवरच दिसतं,
कणा चिरून, पापुद्र्यापापुद्र्याने.
मी कुणाला नाव ठेवत नाही.
आई दोन दिवस ओरडते. तिसऱ्या दिवशी खाते.

परवा एक बाई वाट चुकून इकडे आली.
लुब्ना. मोलेनबेकहून, पहाटेच्या गाडीने.
नवरा खाली कागदांवर सह्या करत होता.
म्हणाली, मंगळवारी चोवीस आठवडे तीन दिवस होतील,
मंगळवारीच आहे.
काय आहे ते बोलली नाही.
कुंपणातून हात घातला,
मेंढीने तिची बाही हुंगली.
"या कशासाठी पाळता?"
तीस वर्षं या कामात, आणि मी म्हणालो,
लोकरीसाठी.

तेवढ्यात मेंढी वळली.
भादरलेलं पोट, त्यावर टाक्यांची रेघ,
कडेला अजून पिवळट औषध.
ती बघत राहिली. मी चाऱ्याची पाटी उचलली, ठेवली.
मग तिने कोटाची बटणं लावली, खालून वर,
पोटावरची लागेना, ती तशीच सोडली,
आणि विचारलं, "हिला दुखतं का?"
पहिली रात्र, म्हणालो. मग उठून उभी राहते.
हे मात्र खरं सांगितलं.

मंगळवारी उजाडता उजाडता
मी दारावर मेंढ्यांच्या दिवसांखाली
आणखी एक आकडा लिहिला.
डॉक्टर हात धुवायला जाताना थांबल्या,
त्यांनी तो वाचला, पुसला नाही.
एकशे एकाहत्तर.
कुठल्याच मेंढीचे इतके दिवस नसतात.