शंभर पेशी

देवगडच्या सरकारी दवाखान्यात
रक्त तपासायची खोली मागल्या अंगाला,
बर्फाच्या फॅक्टरीकडे तोंड करून.
मशीन मार्चपासून बंद. म्हणून मी मोजते,
जांभळ्या रंगात बुडवलेल्या काचेवर
एकेक पांढरी पेशी, शंभर होईपर्यंत.

आज दीप्ती खवणेकर. सातवा सरत आलेला.
न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिल, मोनोसाइट,
पुन्हा न्यूट्रोफिल, आणि हा एक कोवळा,
केंद्रकाला अजून गाठी पडल्या नाहीत,
नालासारखा वाकलेला, घाईत बाहेर धाडलेला.
लिम्फोसाइट थोडे. गेल्या खेपेहून थोडे.
एकूण बारा हजार आठशे.
छापील रकाना म्हणतो, अकरा हजारांच्या आत.
रकाना छापणाऱ्याला दिवस गेलेले नव्हते.

सासू लिलावात मुरलेली, आकडा लगेच दिसतो तिला.
"ह्यां तांबड्या शाईन कित्याक लिवलास?"
काकी, शिकाऊ पोरानं लिहिलंय ते.
ताप नाही, लघवी स्वच्छ. हे असंच असतं.
"असांच म्हणजे कसां?"

कसं सांगू.
पुस्तकात ह्यांना सैनिक म्हणतात.
सव्वीस वर्षं बघतेय,
एकाच्याही हातात काही दिसलं नाही.
काही वाढतात, काही मागे सरतात,
काहींचं कामच बाकीच्यांना आवरायचं;
त्या तर माझ्या भिंगातून वेगळ्या ओळखूही येत नाहीत.
आत अर्धा परका वाढतोय
आणि त्याला कुणी ऊठ म्हणत नाही.

शेवटी रापणीचं विचारलं.
दोराला हात लावला
की परगावच्यालाही वाटा मिळतो ना?
"गावता," ती म्हणाली,
"पण कुत्र्यांका हाकलूक कोणतरी व्हयोच."
तेच, काकी. हाकलणारे वाढलेत.
वाट्याचं आधीच ठरलंय.
ती हसली नाही. रिपोर्टची घडी कमरेला खोचली.

तांबड्यावर काट मारून वहीत लिहिलं:
गरोदरपणास धरून.

म्हणतात, पोराच्या काही पेशी
आईच्या रक्तात राहून जातात, वर्षानुवर्षं.
माझा सौमित्र मस्कतला. फोन रविवारी,
तोही रेंज असली तर.
एकदा जेवणाच्या सुट्टीत
स्वतःचंच बोट टोचून काच लावली होती.
शंभर मोजल्या. मग आणखी शंभर.
बाहेर बर्फाच्या लाद्या ट्रकात पडत होत्या.
चेहऱ्यावरून
कुणाचीच ओळख पटेना.