नववी ब, सोहार

धडा पाचवा. मुलगी सात वर्षांची.
उत्तर चीनमधलं गाव, त्याचं नाव मला नीट उच्चारता येत नाही,
हे मी वर्गाला आधीच सांगून टाकते.
खिडकीच्या काचेवर आतून हिम धरायचं,
त्यावर ती नखाने अक्षरं गिरवायची.
पाटी भावाची होती.

"आतून?" अदनान परकार विचारतो.
त्याला ठाऊक असलेली काच बाहेरून घामेजते,
सप्टेंबरात, एसी अठरावर असताना.
इथे काही लिहायचं तर
बाहेर जाऊन उभं राहावं लागतं.

मी पुढे वाचते. रताळ्याच्या साली.
मावशीकडे पाठवणी, मग परत घरी,
कोळशाच्या टोपलीसारखी, जाताना भरलेली, येताना रिकामी.
वडिलांनी मारल्याचं एकच वाक्य आहे. तेही छोटं.

"मिस, तिने कुणाला सांगितलं का नाही?"
"मिस, हा प्रश्न किती मार्कांना?"
दोन्ही रास्त.
दुसऱ्याचं उत्तर मला येतं : सहा.

तिच्या नावाचा अर्थ तळटिपेत दिलाय :
पाठीवर भाऊ घेऊन ये.
वर्ग हसतो. मीही हसते थोडी,
मार्करचं टोपण शोधत.

मागच्या साली आईला व्हिजिट व्हिसावर आणलं.
मस्कतच्या काउंटरवर गणवेशातला कोवळा पोरगा
पासपोर्ट बघून म्हणाला, नकुसा? मीनिंग?
आईला इंग्रजी येत नाही,
पण हा प्रश्न तिला कुठल्याही भाषेत कळतो.
मी म्हटलं, "मौल्यवान."
"माशाअल्लाह," म्हणत त्याने शिक्का मारला.

टॅक्सीत ती गप्प. समुद्र उजवीकडे, मधेच दिसणारा.
बरका मागे पडल्यावर म्हणाली,
"खोटं कशाला सांगितलंस?
चौथी होते मी. सुचलं ते ठेवलं त्यांनी."
आणि जरा वेळाने, "पाणी आहे का गं?"

हे मी वर्गात सांगत नाही.
फळ्यावर गृहपाठ लिहिते :
तुमचं नाव कुणी ठेवलं? अर्थ काय?

एकोणतीस वह्यांत चंद्र, सिंह, प्रकाश, देवाची देणगी.
तिसावी थन्सीराची, जी हजेरीलाही हळूच ओ देते.
'अब्बा तेव्हा इथे कॅम्पमध्ये होते.
फोन खरखरत होता. त्यांना मुलगा ऐकू आलं.
दोन दिवस त्यांनी सगळ्यांना लाडू वाटले.
तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन लागला.
दर वाढदिवसाला ते ही गोष्ट सांगतात
आणि आम्ही सगळे हसतो.
नावाचा अर्थ मी विचारलेला नाही.'

लाल पेन उघडून बसलेय.
एक स्पेलिंग चुकलंय, 'हसतो'चं.
ते तसंच ठेवलंय.
सहापैकी किती,
तो आकडा अजून घातलेला नाही.